उपनगरातला उन्हाळा आणि खिडकीबाहेरचे यंत्र

मुंबईच्या उन्हाळ्याची कैफियत नागपूर-चंद्रपूरच्या माणसापुढे मांडण्याचे धाडस सहसा कोणी करू नये. कारण ज्याच्या गावी वैशाखात पारा 45 अंशांच्या पुढे सरकतो, त्याला मे महिन्यात 33-34 अंशांवर घुटमळणाऱ्या शहरातल्या रहिवाशांनी गळा काढावा, हे निव्वळ लाडावलेपणाचे लक्षण वाटते. पण तोच गृहस्थ लग्नसराईत घाटकोपरच्या नातेवाइकाकडे चार दिवस उतरला, की दुसऱ्याच दिवशी बनियन पिळून दाखवू लागतो आणि "आमच्याकडे ऊन असतं, पण माणूस असा भिजत नाही हो," अशी कबुली देऊन पंख्याखालची खुर्ची अडवून बसतो.

त्याचे म्हणणे शास्त्राला धरूनच आहे. मनुष्यदेह थंड ठेवण्याची निसर्गाने केलेली तजवीज म्हणजे घाम. परंतु घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो, आणि वाळता वाळता तो त्वचेतली उष्णता बरोबर घेऊन जातो. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे कार्य विनासायास पार पडते, म्हणूनच तिकडे पूर्वी दारांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडत आणि आज घरोघरी कूलर घरघरतो. मुंबईची हवा मात्र आधीच बाष्पाने ओथंबलेली, तिच्यात आणखी बाष्प मावण्यास जागा नाही. त्यामुळे घाम अंगावरच ओघळतो आणि हौसेने आणलेला कूलर खोलीतली ओल वाढवण्यापलीकडे काही करीत नाही, असे अनुभवास आल्यावर तो गॅलरीत जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली जाऊन पडतो. त्यात रात्रीचे तापमानही 27 अंशांच्या फारसे खाली उतरत नसल्यामुळे दिवसभर तापलेल्या देहाला जी विश्रांती मिळावयाची, तीही मिळत नाही. म्हणून वातानुकूलन यंत्राचे मुंबईतले काम हवा थंड करण्याचे जितके आहे तितकेच ती कोरडी करण्याचेही आहे. यंत्राच्या आतल्या गार नळ्यांवर खोलीतले बाष्प जमते आणि पाणी होऊन बारीक नळीवाटे बाहेर पडते. ती नळी बादलीत सोडली तर दमट रात्री सकाळपर्यंत बादली काठोकाठ भरते आणि काटकसरी घरांत त्याच पाण्याने लादी पुसली जाते. जेथे बादली नसते तेथे नळी भिंतीबाहेर लोंबत राहते, खालच्या मजल्यावरच्या पत्र्यावर रात्रभर टपटप चालते, आणि आठवड्याच्या आत सोसायटीच्या चिटणिसाच्या दफ्तरी तक्रार अर्ज दाखल होतो.

उपनगरांचा उन्हाळा हा कुलाब्याच्या उन्हाळ्याहून वेगळा मानला पाहिजे, आणि हवामानखात्यानेही तो वेगळा मानला आहे. शहराची वेधशाळा कुलाब्यास, उपनगरांची सांताक्रूझला. या दोन्ही ठिकाणांचे भवितव्य शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी पाठ केलेल्या खाऱ्या वाऱ्यांच्या हाती असते. जमीन तापली म्हणजे दुपारच्या आतबाहेर समुद्रावरून वारा सुटतो आणि चढणारा पारा तेथेच थोपतो. परंतु मार्च-एप्रिलात कधी कधी पूर्वेकडून, म्हणजे घाटाकडच्या तापलेल्या प्रदेशावरून येणारे वारे इतके जोरकस असतात, की खाऱ्या वाऱ्यांना किनाऱ्यावर पाऊल ठेवण्यास उशीर होतो, आणि त्या दोन-तीन तासांच्या विलंबात सारा अनर्थ घडतो. सांताक्रूझच्या नोंदवहीत 14 एप्रिल 1952 रोजी 42.2 अंश आणि 28 मार्च 1956 रोजी 41.7 अंश असे जे आकडे आहेत, ते अशाच दिवसांचे. मैदानी प्रदेशात 40 अंश झाल्याखेरीज उष्णतेच्या लाटेचा विचार न करणारे हवामानखाते किनारपट्टीवर 37 अंशांपासूनच, अर्थात नेहमीच्या मानाहून साडेचार अंशांची वाढ असेल तर, लाट मानते, याचे कारणही येथल्या आर्द्रतेतच आहे. वर्सोव्याच्या बाजूच्या अंधेरीला समुद्र जवळ. मुलुंडला मात्र तोच वारा अर्धे उपनगर ओलांडून, वाटेतल्या इमारतींना अडखळत येतो. मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे शंभरावर चौरस किलोमीटरचे अरण्य पसरलेले आहे, हे या दोन्ही उपनगरांचे भाग्य. अरण्याच्या कडेला राहणारे लोक पहाटे अंगावर पातळ चादर ओढतात, आणि फाटकापासून स्टेशनापर्यंत चालत आले की ते भाग्य संपुष्टात येते.

मुंबई महापालिकेची हद्द 1950 मध्ये अंधेरी-घाटकोपरच्या पलीकडे आणि 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढवण्यात आली, तेव्हा या गावांतून कौलारू बंगल्यांची आणि दोन-तीन मजली इमारतींची वस्ती होती. त्या इमारतींना सौंदर्य म्हणावे असे फारसे काही नव्हते. तथापि बांधणाऱ्या मिस्त्रीला वीज महाग आणि वारा फुकट आहे, हे ठाऊक होते. समोरासमोर खिडक्या, दारावर झडप, खिडकीवर रुंद छज्जा, आणि लाकडी पाखे असे, की ते उघडले म्हणजे खिडकी सगळीच्या सगळी उघडी होत असे. पुनर्विकासात त्याच जागी उभ्या राहिलेल्या वीस मजली मनोऱ्यातली काचेची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते, उरलेल्या अर्ध्या भागातून ऊन तेवढे आत येते, आणि छज्जा तर दर्शनी भागाच्या शोभेला बाध येतो म्हणून केव्हाच रजा घेऊन गेला आहे. आता यात रहिवाशाचा दोष नाही असे म्हणावे, तर गॅलरी खोलीत घेऊन वाऱ्याची उरलीसुरली वाटही बंद करण्याची हौस त्याचीच आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींची अवस्था त्याहून बिकट. 269 चौरस फुटांचे घर, दाराबाहेर काळोखी बोळ, आणि खिडकीतून हात लांब केला तर समोरच्याच्या ग्रिलला लागेल इतक्या अंतरावर दुसरी इमारत. अशा घरात वातानुकूलन यंत्राला चैन म्हणणाऱ्याने तेथे मे महिन्यातली एक रात्र काढून पाहावी आणि मग आपले मत द्यावे.

गारवा विकत घेण्याची मुंबईची वहिवाट मात्र जुनी आहे. 1834 साली अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवरून कापलेला बर्फ भुशात बांधून जहाजाने मुंबईच्या बंदरात उतरवण्यात आला. पुढे शंभर वर्षांनी, 1934 मध्ये, फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबा जोडण्यात आला, तेव्हाही डब्याखालच्या पेट्यांतून बर्फाच्याच लाद्या भरत. त्या लाद्यांवरून वाहणारा वारा पेशावरला निघालेल्या साहेबांना सुखवीत अंधेरी-बोरिवलीच्या फलाटांवरून धडधडत निघून जाई. अमेरिकेत त्याआधीच, 1902 मध्ये, विलिस कॅरियर याने हवेतले बाष्प आवरणारे यंत्र रचले होते, ते माणसांसाठी नव्हे, तर ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत म्हणून. आणि आजही आपण दुकानात जाऊन "दीड टनाचा एसी" मागतो, तो टन बर्फाच्याच हिशेबाचा आहे: चोवीस तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ वितळवण्यास जितकी उष्णता लागेल, तितकी खोलीतून उपसण्याची ताकद. दीड टनाचे यंत्र म्हणजे दिवसाला साडेतेराशे किलोंवर बर्फ.

उपसलेली उष्णता कोठे जाते, हा प्रश्न मात्र विकत घेणाऱ्याला सहसा पडत नाही. दीड टनाचे यंत्र पुऱ्या जोमाने चालले असता खोलीतून सुमारे सव्वापाच किलोवॅट उष्णता काढते, त्यासाठी दीडेक किलोवॅट वीज खाते, आणि ही दोन्ही मिळून पावणेसात किलोवॅटांचा ऐवज खिडकीबाहेरच्या डब्यावाटे मोकळ्या हवेत टाकते. हवा खरोखरच मोकळी असेल तर ती हा भार मुकाट्याने वाहून नेते. पण दोन इमारतींमधल्या डक्टात एकावर एक असे वीस डबे लावलेले असले, म्हणजे खालच्याने सोडलेली गरम हवा वरच्याच्या डब्यात शिरते, त्याचे यंत्र अधिक कष्टाने चालते, अधिक वीज खाते, आणि ज्या एका घरात यंत्र नाही त्याने खिडकी उघडावी तर आत भट्टीचा श्वास येतो. अखेर तेही घर हप्त्याने यंत्र घेते. मला या साऱ्या प्रकरणातली खरी अन्यायाची बाब वाटते ती हीच: एकाच्या गारव्याचा जमाखर्च दुसऱ्याच्या खिडकीवर मांडला जातो, आणि त्याची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही.

स्वतःच्या खिशाचा जमाखर्च मात्र दरमहा चोख येतो. उपनगरांना वीज पुरवण्यासाठी 1929 मध्ये स्थापन झालेली कंपनी हात बदलत आज अदानींकडे आहे, मुलुंड-भांडुपला महावितरण आहे. पण बिलाची रीत सर्वत्र एकच, पहिल्या 100 युनिटांना एक दर, 300 पर्यंत दुसरा, त्यापुढे आणखी चढा. रात्री आठ तास यंत्र चालवणाऱ्या घरात त्या एका कारणाने महिन्याला दोनशेच्या घरात युनिटे सहज वाढतात, आणि साधे कुटुंब नकळत वरच्या टप्प्यात जाऊन बसते. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने 1 जानेवारी 2020 पासून तारांकित यंत्रे सुरू होतानाच 24 अंशांवर असावीत असा हुकूम काढला, तो याच विचाराने. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ब्युरोचा हिशेब आहे. 26 अंश ठेवून वर छताचा पंखा मंद सोडला तर देहाला 24 चेच सुख मिळते. 18 वर यंत्र लावून दुलई घेणाऱ्यांविषयी काय बोलावे!

आणि वीजच गेली तर? 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास ऐन ऑक्टोबर हीटमध्ये मुंबई आणि परिसराची वीज एकाएकी गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि काही भागांत ती पूर्ववत होण्यास संध्याकाळ उलटली. साथीच्या त्या दिवसांत माणसे घरातच होती. जुन्या इमारतींतल्या लोकांनी दारे-खिडक्या उघडून दिवस निभावला, पण काचबंद मनोऱ्यांतल्या बाविसाव्या मजल्याला लिफ्टही नव्हती आणि वाराही नव्हता.

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या आप्तांची स्थिती पाहिली तर या प्रश्नाची दोन टोके दिसतात. लंडनला किंवा जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाचे घर हिवाळ्याची ऊब राखण्यासाठी बांधलेले असते, आणि तोच गुण उन्हाळ्यात त्याच्यावर उलटतो. 19 जुलै 2022 रोजी इंग्लंडातल्या कॉनिंग्सबी येथे 40.3 अंशांची नोंद झाली, तेव्हा ज्यांनी अंधेरीला चाळीस उन्हाळे काढले होते त्या आजी-आजोबांनीही दिवसा पडदे ओढून बसावे आणि रात्री खिडक्या उघडाव्यात, एवढाच उपाय उरला. 2003 च्या ऑगस्टात फ्रान्समध्ये उष्णतेने सुमारे 15,000 माणसे दगावली, त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा भरणा मोठा होता. उलट दुबईस गेलेल्या कुटुंबाचे घर, मोटार, दुकान, सारेच थंड. रस्त्यावर राबणाऱ्या मजुरांसाठी मात्र 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात भर दुपारी काम थांबवण्याचा कायदा करावा लागला. अमेरिकेत दहांतल्या जवळजवळ नऊ घरांत वातानुकूलन आहे. भारतात ते प्रमाण 2019 च्या सरकारी शीतन कृती आराखड्यानुसार आठ टक्क्यांच्या आसपास होते.

उरलेल्यांना मुंबईत गारवा मिळतो तो प्रवासात. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो 8 जून 2014 रोजी सुरू झाली आणि पहिली वातानुकूलित लोकल 25 डिसेंबर 2017 रोजी पश्चिम रेल्वेवर धावली. घाटकोपरजवळच्या असल्फ्याच्या टेकडीवर पत्र्याच्या छपराखाली रात्र काढून सकाळी मेट्रोने अंधेरीला जाणाऱ्या माणसाचे दिवसातले ते काही मिनिटांचे स्वास्थ्य मी पाहिले आहे. उभ्याउभ्या दांडीला टेकून माणसे डोळे मिटतात. छपरावर पांढरा परावर्तक रंग दिला तर असे घर काही अंशांनी निवते, आणि अहमदाबादने 2013 च्या उष्णता आराखड्यानंतर पुढे वस्त्यांमधून ते करूनही दाखवले. मुंबई महापालिकेचा हवामान कृती आराखडा मार्च 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही वाढत्या उष्णतेची दखल आहे. मंजुरीपासून पत्र्यापर्यंतचा रस्ता मात्र लांबचा आहे.

पक्क्या इमारतींत तरी हे काम सोपे असावे. सर्वांत वरच्या मजल्याची उष्णता बव्हंशी गच्चीवाटे येते, आणि गच्चीला पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसवणे किंवा पांढरा रंग देणे, हा खर्च साऱ्या सोसायटीने मिळून उचलला तर एका यंत्राच्या किमतीहून प्रत्येकाच्या वाट्याला फार कमी येतो. परंतु गच्ची तापते ती फक्त वरच्या चार घरांना, आणि खर्च विभागून येतो सर्वांना. साहजिकच सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय पार्किंगच्या विषयानंतर लागतो, पार्किंगवर दोन तास खडाजंगी होते, आणि गच्चीची पाळी येईतो गणसंख्या उरलेली नसते.