चाकणमध्ये दुचाकी आणि कंटेनर एकाच रस्त्यावर. जीव कसा वाचेल?

पुणे-नाशिक आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर हे दोन महामार्ग चाकणच्या तळेगाव चौकात मिळतात. पाळी सुटली की कंटेनर, कंपनीच्या बस, दुचाकी आणि पायी निघालेले कामगार एकाच रस्त्यावर येतात. धोका मात्र सर्वांना सारखा नसतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते.

अपघात म्हणजे नशीब?
नाही. अमेरिकी डॉक्टर विल्यम हॅडन यांनी अपघाताचा अभ्यास साथीच्या रोगासारखा केला. धडकेआधी, धडकेत आणि धडकेनंतर, अशा तीन टप्प्यांवर जीव वाचवता येतो.

आधी : सरासरी वेग १ टक्का वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्री दिव्याविना कडेला उभा असलेला कंटेनर वेगातल्या दुचाकीस्वाराला उशिरा दिसतो. म्हणून ट्रकसाठी वाहनतळ आणि मागे चमकणाऱ्या पट्ट्या हव्यात.

धडकेत : २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण दगावले. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. हेल्मेट दोघांनाही हवे, तेही पट्टा लावून.

नंतर : लगेच १०८ वर फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. पोलिस त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. त्यामुळे थांबायला घाबरू नका.