पोलादाचा दागिना : जेराल्ड जेंटाची कारकीर्द

मंडळी, आपल्याकडे घड्याळजी वेगळा आणि सोनार वेगळा. एकाच्या डोळ्याला भिंग, दुसऱ्याच्या तोंडात फुंकणी. पण स्वित्झर्लंडमध्ये एक माणूस असा झाला, ज्याने सोनाराची नजर घड्याळाला लावली. जेराल्ड जेंटा. जन्म १९३१, जिनिव्हा. शिकला सोनारकाम. घड्याळाच्या धंद्यात आला तो यंत्र जुळवायला नाही, बाहेरचं रूप काढायला : केस, डायल, काटे, पट्टा.

धंदा साधा होता. कागदावर घड्याळ रंगवायचं, कंपनीला विकायचं. डायलवर नाव कंपनीचं. १९५४ साली ‘पोलराउटर’चं रूप त्याने ठरवलं तेव्हा तो २३ वर्षांचा होता, घेणाऱ्यांना त्याचं नाव कशाला माहीत असणार?

आता १९७२ कडे या. जालन्याचं पोलाद म्हटलं की आपल्याला सळई आठवते, दागिना नाही. त्यांच्याकडेही तसंच होतं. महागडं घड्याळ म्हणजे सोन्याचं. ओदेमार पिगे कंपनीने त्याच्याकडे पोलादी घड्याळ मागितलं, तेही घाईने. तो पुढे सांगायचा की संध्याकाळी फोन आला आणि सकाळी चित्र तयार होतं. पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून त्याने अष्टकोनी कडं घेतलं, त्यावर आठ स्क्रू उघडे ठेवले. हेच ते ‘रॉयल ओक’. पोलादाचं, आणि किंमत कितीतरी सोन्याच्या घड्याळांपेक्षा जास्त!

का जास्त? इथे बसलेल्या सोनारांना सांगायला नको. सोनं मऊ, ऐकतं. पोलाद ऐकत नाही. त्याला इतक्या धारदार कडा आणणं एवढं अवघड, की पहिले नमुने पांढऱ्या सोन्यात केले. पट्ट्याची प्रत्येक कडी बक्कलाकडे अरुंद होत जाते, आपल्या गळ्यातल्या सरासारखी चढ-उताराची. आणि गंमत बघा, ते वरचे आठ स्क्रू मात्र पांढऱ्या सोन्याचे. सोनाराने आपली खूण ठेवलीच, असं मला वाटतं.

१९७६ मध्ये पाटेक फिलिपसाठी ‘नॉटिलस’. त्याआधीच, १९६९ साली, त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली होती. तो २०११ मध्ये गेला. २०२२ साली ‘रॉयल ओक’चं ते मूळ चित्र लिलावात पाच लाख फ्रँकच्या वर गेलं. नुसता कागद!

आपल्या भोकरदनला उत्खननात सातवाहनकाळातले मणी, हस्तिदंती काम निघालं. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीत पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीच्या जवळची आहे. माल इतका नावाजलेला, पण कारागिराचं नाव कुठेच नाही. म्हणून घरी सोनारकाम असलेल्या पोरांना मी म्हणतो, घडवण्याआधी काढा, आणि काढलेल्यावर सही, तारीख टाका.

मघाशी एकाने विचारलं, यंत्र न शिकता घड्याळ काढता येईल का? येईल, पण यंत्राची जाडी ठाऊक पाहिजे. ‘रॉयल ओक’चं यंत्र ३.०५ मिलिमीटर जाड, म्हणून अख्खं घड्याळ सातेक मिलिमीटरमध्ये बसलं. घरात बंद पडलेलं एचएमटी असेलच. मागचं झाकण उघडा, व्हर्नियरने मोजा आणि चौपट मापात कागदावर उतरवा.