मागे गेलेला चेंडू

बॅडमिंटनमध्ये शटल आपल्याला ओलांडून खाली पडलं की गुण गेला. पॅडल या रॅकेटने खेळायच्या खेळात मात्र टप्पा खाऊन मागे गेलेला चेंडू काचेच्या भिंतीवर आपटून परत आपल्यासमोर येतो आणि त्याला मारायचा आपला हक्क तोवर शाबूत असतो. अट एवढीच, की त्याचा जमिनीवर दुसरा टप्पा पडता कामा नये. समोरच्याने जीव खाऊन मारलेला फटका आपल्या हातून निसटला तरी तो परत आपल्याच पुढ्यात येणार! बचावावर जगणाऱ्या खेळाडूला याहून मोठी सवलत कुठल्या खेळाने दिली असेल, मला तरी सुचत नाही.

हा खेळ 1969 साली मेक्सिकोतल्या अकापुल्कोमध्ये जन्मला. एन्रिके कोर्कुएरा यांनी आपल्या घरी भिंतींनी वेढलेलं छोटं कोर्ट बांधलं आणि भिंतीलाच खेळात घेतलं. आजचं कोर्ट 20 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असतं. मागच्या बाजूला 3 मीटर उंचीची काच, तिच्यावर 1 मीटर जाळी. खेळणारे चौघे, दोघांविरुद्ध दोघे. हैदराबादेत ही कोर्टं आता आली आहेत, पण त्यांतली बरीचशी गच्चीबावलीसारख्या पश्चिमेकडच्या भागांत. शहरातल्याच विद्यानगरहून जायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. पण पहिल्या सरावाला काच लागत नाही. अपार्टमेंटच्या पार्किंगमधली एक गुळगुळीत भिंत आणि चेंडू टाकायला एक मित्र पुरे.

या सरावात रॅकेट हातात घ्यायचीच नाही. मित्राने चेंडू असा टाकायचा की तो आपल्या बाजूने टप्पा खाऊन भिंतीकडे जाईल. आपण बाजूला वळायचं, त्याला जाऊ द्यायचं, भिंतीवरून आला की कमरेच्या उंचीवर हाताने झेलायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण टेनिस किंवा बॅडमिंटन खेळलेल्या माणसाचे हात इथे अक्षरशः शिवशिवतात. चेंडू जवळून जातोय आणि आपण बघत राहायचं, हे शरीराला पटतच नाही. ते पटवण्यासाठी मोठ्याने म्हणत राहायचं : टप्पा, काच, फटका. तिन्हींमधलं अंतर कानात बसलं की पाय आपोआप शांत होतात.

आता थोडं भौतिकशास्त्र, कारण खरी गंमत तिथे आहे. नियमाप्रमाणे पॅडलचा चेंडू 2.54 मीटरवरून सोडला, तर तो 135 ते 145 सेंटिमीटर उसळला पाहिजे. म्हणजे जमिनीला लागताना जो वेग होता, त्याच्या साधारण तीन चतुर्थांश वेगाने तो वर येतो. काचेवरही असाच थोडा वेग गळतो, बाकीचा परत मिळतो. त्यामुळे जोरदार, सरळ स्मॅश काचेवरून कधी कधी थेट नेटच्या दिशेने धावत सुटतो आणि बचाव करणाऱ्याला त्याच्या मागोमाग नेटकडे पळावं लागतं. उलट हळू मारलेला, काचेच्या पायथ्याशी मरणारा चेंडू उचलणं महाकठीण. म्हणून मुरलेले खेळाडू नेटजवळ उभे असूनही मुद्दाम ताकद आवरतात. जोराच्या फटक्याला त्यांच्याकडे दुसरी वाट आहे : चेंडू इतका उसळवायचा की तो कोर्टाबाहेरच उडून जाईल. त्यावरही उपाय आहे! बाजूला मोकळी जागा असेल तिथे बचाव करणारा कोर्टाच्या दारातून बाहेर धावतो आणि बाहेरूनच चेंडू आत परतवू शकतो.

कोपरा हे याहून मोठं नवल. चेंडू आधी बाजूच्या आणि मग मागच्या काचेवर लागला, तर वरून पाहताना तो ज्या दिशेने आला, जवळजवळ त्याच दिशेला समांतर परत जातो. काटकोनात जोडलेल्या दोन आरशांवर प्रकाशकिरणाचंही असंच होतं. तिसरा आरसा जोडला की किरण कुठूनही येवो, आला त्या दिशेलाच परत फिरतो. अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेले परावर्तक याच तत्त्वावर बनवलेले होते, आणि तेही 1969 सालीच. चेंडूला घर्षण आणि फिरकी असते, म्हणून तो किरणाइतका शिस्तीत वागत नाही. पण कोपऱ्यात घुसलेल्या चेंडूमागे गोल गोल फिरण्याऐवजी कोपरा सोडून दूर सरकावं, हे या भूमितीतूनच कळतं. कोर्टावरच्या सरावात मित्राने एकदा डाव्या, एकदा उजव्या कोपऱ्यात चेंडू द्यायचे आणि आपण चेंडूशी झटापट न करता त्याला जागा करून द्यायची.

बचावाचं मुख्य हत्यार म्हणजे लॉब, डोक्यावरून टाकलेला उंच चेंडू. हवेचा रोध सोडून हिशेब केला, तर 1 मीटरवरून मारून 3 मीटरपर्यंत चढवलेला लॉब सुमारे 1.4 सेकंदांत खाली येतो. 6 मीटर चढवला तर 2.1 सेकंद लागतात. या 0.7 सेकंदासाठी सगळा आटापिटा, कारण तेवढ्यात मागची जोडी नेटकडे धावते आणि पुढच्या जोडीला मागे हटावं लागतं. म्हणून लॉबचा सराव नुसता मारून संपत नाही. प्रत्येक चांगल्या लॉबनंतर दोघांनी बरोबरीने पुढे धावलंच पाहिजे. एक पुढे, एक मागे राहिला की मध्ये खिंडार पडतं.

दम म्हणजे लांब पळणं, असं वाटत असेल तर इथे फसगत होते. चौघांत वाटलेल्या कोर्टावर एकाच्या वाट्याला जेमतेम 5 मीटर रुंदी येते. थकवतं ते वाकणं, वळणं, थबकणं आणि पुन्हा निघणं. दोन गुणांमध्ये नियमाने 20 सेकंदच मिळतात, तेव्हा सरावही तसाच : 20 सेकंद गुडघे वाकवून काचेकडे वळत चेंडूशिवाय हवेतले फटके, 20 सेकंद श्वास, पुन्हा तेच. दमलेले पाय आधी ताठ होतात आणि ताठ पायांनी काचेवरून आलेला खालचा चेंडू उचलता येत नाही. हैदराबादकरांना दमाची किंमत नव्याने सांगायला नको. 2017 मध्ये ग्लासगोला बॅडमिंटनच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हैदराबादचीच पी. व्ही. सिंधू आणि नोझोमी ओकुहारा 110 मिनिटं झुंजल्या, त्यातली 73 फटक्यांची एक रॅली सिंधूने जिंकली. सामना मात्र ओकुहाराने नेला.

शेवटचा सराव माझ्या मते सगळ्यांत तापदायक. मागच्या जोडीने जिंकायचा फटका मारायचाच नाही. मारून गुण मिळाला तरी तो धरायचा नाही. खो-खोत पळणारा किती वेळ टिकला हे घड्याळ लावून मोजतात, तसं इथे प्रत्येक रॅली किती टिकली एवढंच मोजायचं. पुढच्या जोडीला हवे तेवढे स्मॅश मारायची मोकळीक. सुरुवातीला तीच खूश असते. मग चेंडू परत येत राहतो, फटक्यांचा जोर वाढतो, नेटमध्ये जाणाऱ्या स्मॅशची संख्याही वाढते, आणि थोड्या वेळाने तीच जोडी बाजू बदलायची का म्हणून विचारते.