श्वानासह तंबूत : लक्ष्मी तालाकाठची पूर्वतयारी

झाशीच्या लक्ष्मी दरवाजातून बाहेर पडले की थोड्याच अंतरावर लक्ष्मी तालाचे पाणी दिसू लागते. काठावर महालक्ष्मीचे देऊळ आहे. रत्नागिरी जिल्ह्यातून उत्तरेकडे आलेल्या नेवाळकर घराण्याची ही देवता. राणी लक्ष्मीबाई येथे दर्शनास येत असत, असे झाशीतील जुनी मराठी कुटुंबे आजही श्रद्धेने सांगतात. जवळच २१ नोव्हेंबर १८५३ रोजी दिवंगत झालेल्या राजा गंगाधररावांची छत्री आहे. पेणनजीकच्या वरसईचे गोडसे भटजी १८५८ मध्ये, इंग्रजांच्या वेढ्याच्या काळात, याच नगरीत अडकले होते, आणि त्यांचा 'माझा प्रवास' मराठी वाचकांना परिचित आहे. बदलीच्या निमित्ताने येथे येणाऱ्या महाराष्ट्रीय अधिकाऱ्यास परक्या मुलुखात आल्यासारखे वाटत नाही, ते यामुळेच.

हिवाळ्याच्या पहाटे या तालाच्या परिसरात फिरावयास येणारी मंडळी पुष्कळ, आणि त्यांतील कित्येकांच्या हाती साखळी असते. अलीकडे त्यांच्या गप्पांत एक नवा विषय ऐकू येतो. दिवाळीनंतर दोन दिवस सवड काढून बेतवेच्या काठी तंबू ठोकून राहावयाचे, आणि घरातील कुत्र्यालाही बरोबर न्यावयाचे! हौस उत्तम आहे. मात्र तंबू कोणता घ्यावा याविषयी जेवढी चर्चा होते, तिच्या दशांशानेही कुत्र्याच्या तयारीविषयी होत नाही. वस्तुतः त्या सहलीतील सर्वांत असहाय प्रवासी तोच असतो. काय दुखते हे त्याला सांगता येत नाही, आणि परतीचा रस्ताही त्याला ठाऊक नसतो.

श्वानासह उघड्यावर मुक्काम ही कल्पना परदेशी आहे, असे कोणी समजू नये. आपल्याकडील धनगरांचा वाडा पावसाळा सरला की मेंढरे, घोडी, कोंबड्या आणि बिऱ्हाड घेऊन निघतो. आज या शिवारात, उद्या पुढल्या शिवारात मेंढ्या बसवावयाच्या, असा त्यांचा क्रम महिनोन्‌महिने चालतो. त्यांची कुत्री दिवसा सावलीत पडून असतात आणि रात्री कळपाभोवती जागी राहतात. त्या कुत्र्याला उघड्यावरील रात्र नवी नसते, कारण तो वाड्यावरच जन्मतो आणि वाढतो. आपल्या सदनिकेतील कुत्र्याने मात्र पंख्याखालील फरशीपलीकडे रात्र पाहिलेली नसते. म्हणून त्याला ती आधी दाखवावी लागते, आणि त्यासाठी चार ते सहा आठवडे हाताशी असावेत.

आरंभ चालण्यापासून करावा. रोज वीस मिनिटे फिरणारा कुत्रा एकदम दहा किलोमीटर चालू शकेल, पण दुसऱ्या दिवशी त्याचे पंजे सोलवटलेले दिसतील. अंतर आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवावे आणि वाटेत मुरूम, गवत, खडक असा बदल ठेवावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हाकेसरशी परत येण्याची सवय. लांब दोरी बांधून त्याला दूर जाऊ द्यावे, हाक मारावी, आणि आल्याबरोबर खाऊ द्यावा. कितीही उशिरा आला तरी रागावू नये, कारण येण्याबद्दल शिक्षा मिळते असे एकदा त्याच्या मनात बसले, की अरण्यात ससा दिसल्यावर तो परत येण्याची आशा सोडावी लागेल. ही परीक्षा तालाजवळील गर्दीत, इतर कुत्र्यांच्या आणि भेळवाल्यांच्या सान्निध्यात जो उत्तीर्ण होईल, त्यालाच पुढे न्यावे. एरवी दोरी सोडू नये, हे बरे.

तंबूचा सरावही घरीच व्हावा. आमच्या काळूने (हा जातिवंत नाही, रस्त्यावरच जन्मलेला आहे) गच्चीवर उभारलेल्या तंबूत पहिले तीन दिवस पाऊलही टाकले नाही. चौथ्या दिवशी त्याची रोजची चटई आत नेऊन ठेवली, आणि मग तो आमच्या आधी आत जाऊन बसू लागला. कापडाची फडफड, चेन ओढल्याचा आवाज, विजेरीचा झोत यांचे भय तेथेच संपले.

जातीविषयी एक शब्द. दूरचित्रवाणीवरील 'हच'च्या २००३ च्या जाहिरातीने पग हा बसक्या नाकाचा कुत्रा घरोघरी पोहोचविला. परंतु कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजाच्या तळव्यांना येतो तेवढाच. शरीरातील उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर घालवितो, आणि बसक्या नाकाच्या कुत्र्याला नेमके तेच नीट साधत नाही. त्याला घेऊन दीर्घ चालीच्या सहलीस जाणे मला तरी पटत नाही. याउलट मुधोळ, कारवान, रामपूर या आपल्या देशी शिकारी जाती चालीस काटक असतात. टपाल खात्याने २००५ मध्ये चार देशी श्वानजातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ आणि रामपूर या दोन्ही होत्या. पण ससा दिसताच नजरेआड होण्यातही याच जाती अग्रेसर, हे विसरू नये.

आता मुख्य विषयाकडे वळू. रेबीज म्हणजेच पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस असो वा कुत्रा, वाचणे जवळजवळ अशक्य असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील या रोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ मायस्टर या बालकास लस टोचली, त्यास आता १४० वर्षे झाली. उपाय हाती असताना प्राण जावेत, यासारखे दुर्दैव नाही. सहलीच्या जागी गावातील मोकाट कुत्री, कोल्हे, मुंगूस यांच्याशी आपल्या कुत्र्याची गाठ पडणार हे गृहीत धरावे. पिल्लाला पहिली लस साधारणतः तिसऱ्या महिन्यात, त्यानंतर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने पूरक मात्रा, आणि पुढे दरवर्षी, असा क्रम असतो. लस टोचल्याबरोबर संरक्षण मिळत नाही, त्यास काही आठवडे लागतात. म्हणून निघण्यापूर्वी किमान महिनाभर आधी कार्ड काढून तारखा पाहाव्यात. मुदत ठेवीची पावती आपण जशी जपतो, तसेच हे कार्ड जपावे आणि मूळ प्रत बरोबर न्यावी. डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस यांवरील लसीही त्याच वेळी तपासून घ्याव्यात.

आणि तेथे दंश झालाच तर? जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ लावून धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. त्यानंतर सहल तेथेच संपवून माणसाने रुग्णालय गाठावे आणि कुत्र्याला पशुवैद्यकांकडे न्यावे. पूर्वी लस घेतलेल्या कुत्र्यालाही दंशानंतर पुन्हा मात्रा द्याव्या लागतात.

लेप्टोस्पायरोसिसचा उल्लेख वर आला, तो लक्ष्मी तालामुळेच अधिक महत्त्वाचा आहे. या जलाशयात येणाऱ्या सांडपाण्याचा आणि त्याच्या शुद्धीकरणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला होता. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून या रोगाचे जंतू पसरतात आणि ते माणसालाही सोडत नाहीत. काही जलाशयांत उन्हाळ्यात हिरवट-निळसर शेवाळाचा जो थर धरतो, तोही कुत्र्यास प्राणघातक ठरू शकतो. म्हणून तालाच्या काठी फिरावे, देवीचे दर्शन घ्यावे, पण कुत्र्याला तोंड लावू देऊ नये ते तालाच्या पाण्याला. 'माझे पाणी माझ्या भांड्यातूनच' ही शिस्त येथे अंगी बाणली, की नदीकाठीही ती उपयोगी पडते. सर्वसाधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, चालीच्या दिवशी त्याच्या दुप्पट धरावे. वीस किलोच्या कुत्र्यासाठी दोन दिवसांचे चार-पाच लिटर पाणी वेगळे न्यावे.

जागा कोणती?

झाशीहून ओरछा जेमतेम १६-१७ किलोमीटर, त्यामुळे सर्वांची नजर प्रथम तिकडेच वळते. परंतु नदीपलीकडील वनराई हे अभयारण्य आहे, आणि तेथे पाळीव कुत्र्यास प्रवेश नाही. हा नियम काहींना जाचक वाटतो. त्यांनी २०१८ साली गीरमध्ये काय घडले ते आठवावे. त्या वर्षी काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले, आणि त्यांतील काहींत कॅनाइन डिस्टेंपरचा, म्हणजे कुत्र्यांतील रोगाचा, विषाणू आढळला. आपला निरोगी दिसणारा कुत्रा वन्यजीवांना रोग देऊ शकतो आणि त्यांच्याकडून घेऊही शकतो. तेव्हा अभयारण्याबाहेरील एखाद्या शेतकऱ्याचे शेत, त्याची रीतसर संमती घेऊन, निवडावे. कुत्रा बरोबर आहे हे आधीच सांगावे, कारण शेतात शेळ्या-कोंबड्या असतात.

बेतवेविषयी आणखी एक सूचना. नदीच्या वरच्या अंगास राजघाट आणि माताटीला ही धरणे आहेत. तेथून पाणी सोडले की आकाश निरभ्र असतानाही पातळी वाढू शकते. वाळूवर आणि कातळांवर पूर्वीच्या पाण्याच्या खुणा दिसतात, त्यांच्या बऱ्याच वर तंबू ठोकावा. मगरींचा वावर असल्याचेही स्थानिक लोक सांगतात. कुत्र्याला चेंडू फेकून नदीत पोहावयास लावणे, हे छायाचित्रात फार शोभते, तेवढेच.

प्रवास मोटारीने असेल तर निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर अन्न देऊ नये आणि दर दोन तासांनी उतरवावे. 'पाचच मिनिटांत येतो' म्हणून त्याला बंद मोटारीत ठेवणे मात्र सर्वस्वी टाळावे. बाहेर २४ अंश सेल्सियस इतके सुखद हवामान असले तरी उन्हातील बंद मोटारीत अर्ध्या तासात पारा ४३ अंशांच्या आसपास जातो. मुंबईहून किंवा भुसावळहून पंजाब मेलने येणाऱ्यांसाठी रेल्वेचा नियम असा की, वातानुकूलित प्रथम वर्गात दोन शायिकांचा कूपे अथवा चार शायिकांचे केबिन पूर्णतः आपल्याच नावे असेल तरच कुत्रा सोबत नेता येतो. इतरांनी त्याची नोंदणी पार्सल कार्यालयात करून त्याला ब्रेकव्हॅनमधील पेटीत ठेवावयाचे असते. ती व्यवस्था गार्डच्या (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) ताब्यात असते. वातानुकूलित द्वितीय व तृतीय श्रेणी किंवा शयनयान डब्यात कुत्र्याला परवानगी नाही, आणि दंडाची तरतूद आहे.

सामानाची यादी लांबविण्यात अर्थ नाही. नेहमीचे अन्न, दोन भांडी, चटई, जाड घोंगडी, जादा पट्टा, भ्रमणध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला, चिमटा, कापूस, पट्ट्या, जंतुनाशक आणि जवळच्या पशुवैद्यकांचा क्रमांक, एवढे पुरे. सांभाळावयाचे ते आपल्याच शिदोरीला. बेदाणे घातलेला शिरा, मनुका, चॉकलेट, कांदा घातलेले भडंग, लसणाची चटणी हे सारे कुत्र्याला अपायकारक आहे. मुले प्रेमाने भरवितात, म्हणून मुलांना आधी सांगावे. आपल्या वेदनाशामक गोळ्याही त्याला देऊ नयेत. सार्वजनिक क्षेत्रातील सर्वसाधारण विमा कंपन्या श्वानविमा देतात, पण वयाच्या आणि लसीकरणाच्या अटी वाचून मगच हप्ता भरावा.

रात्री कुत्रा तंबूच्या बाहेर बांधू नये. तो राखण करील, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात कुत्रा हे बिबट्याचे आवडते भक्ष्य आहे, आणि जुन्नर-संगमनेर भागातील शेतकऱ्यांना याचा अनुभव पुरेपूर आहे. हिमालयातील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काटेरी पट्टा घालतात, तो शोभेसाठी नव्हे. खुंटीला बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही. त्याला आत घ्यावे आणि चेन लावून घ्यावी. जानेवारीत बुंदेलखंडातील रात्रीचा पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरतो, त्या दृष्टीनेही ते श्रेयस्कर.

मार्चनंतर हा बेतच करू नये. मे महिन्यात झाशीचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. ऑक्टोबरच्या उन्हातही तळहाताची मागील बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवून पाहावी, ती टेकवत नसेल तर त्याच्या पंजांनाही तेथे चालणे शक्य नाही. कुत्र्याचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ च्या पुढे गेले, लाळ घट्ट झाली आणि पाय लटपटू लागले, की उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतीत राहावे, वारा घालावा आणि तसेच पशुवैद्यकांकडे न्यावे.

परतल्यावर अंग झाडून पाहणे हे काम मोठे. बुंदेलखंडातील गोखरूचे काटे बोटांच्या बेचक्यांत रुततात. वाळल्या गवताचे कुसळ तर कानात शिरले की आत आतच सरकत जाते. कुत्रा एकसारखा मान झटकू लागला तर थांबू नये. गोचीड कानांमागे, काखेत, शेपटीखाली शोधावी, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल किंवा जळती काडी लावू नये. गोचिडीमुळे होणारा ताप लगेच दिसत नाही. म्हणून पुढील दोन-तीन आठवडे भूक मंदावणे, हिरड्या पांढुरक्या होणे, नाकातून रक्त येणे यांकडे लक्ष ठेवावे, आणि तसे काही दिसल्यास रक्ततपासणी करून घेताना 'आम्ही अमुक तारखेस बेतवेकाठी राहिलो होतो', हे पशुवैद्यकांना आवर्जून सांगावे.