किरणोपचार: रोजची काही मिनिटं

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, की पुष्कळ जणींना किरणोपचार घ्यावे लागतात. मुलुंड-घाटकोपरहून परळच्या टाटा रुग्णालयात रोज जायचं, तर मोठा शीण प्रवासाचाच. लोकलच्या दिव्यांग डब्यात कर्करुग्णांनाही मुभा असते. ती संकोच न करता वापरा.

आधी सीटी स्कॅनवरून आखणी होते, त्वचेवर खुणा करतात. त्या घासून पुसू नका. मग रोज काही मिनिटं हात डोक्याकडे घेऊन स्थिर पडायचं. किरण जाणवतही नाहीत. डावा स्तन असेल, तर अनेकदा खोल श्वास घेऊन रोखायला सांगतात, कारण छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून दूर सरतं. पूर्वी पाच आठवडे चालणारे उपचार आता अनेकींचे तीन आठवड्यांत आटोपतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत तर एका आठवड्यातले पाच डोसही तितकेच परिणामकारक ठरले. तुम्हाला कोणते चालतील, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

त्वचा लाल किंवा काळसर होते, थकवा येतो. उपचार संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे हे वाढू शकतं. मुंबईच्या घामात स्तनाखालची घडी कोरडी ठेवा, सैल सुती कपडे घाला. आणि घरच्यांनो, बाहेरून दिलेल्या या किरणांचा अंश तिच्या अंगात उरत नाही. तिचं ताट, अंथरूण वेगळं करू नका. नातवाला तिच्या कुशीत खुशाल झोपू द्या.