तारली, टॉवर आणि दलाल

माणसं आणि माहितीयंत्रं : लेखांक ९

१४ जानेवारी १९९७ ला उत्तर केरळातल्या वडकरा किनाऱ्यावर ११ मच्छीमारांनी आणलेली मासळी फेकून दिली. गिऱ्हाईकच नव्हतं. त्याच सकाळी १५ किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या किनाऱ्यांवर २७ खरेदीदार मासळीविना हात हलवत परतायच्या बेतात होते.

ही नोंद रॉबर्ट जेन्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाची. कासरगोड, कण्णूर आणि कोझिकोड या तीन जिल्ह्यांतले १५ किनारी बाजार आणि ३०० होड्या त्याने निवडल्या आणि १९९६ पासून २००१ पर्यंत दर आठवड्याला त्यांची माहिती गोळा केली: किती मासळी मिळाली, कुठे विकली, काय भावाने गेली. मासळी मुख्यतः तारली. ती इतकी स्वस्त की बर्फात ठेवून उद्या विकणं परवडत नाही. बाजार पहाटेचा, जेमतेम तीन तासांचा. भाव पडलाय हे होडी किनाऱ्याला लागल्यावर कळायचं, आणि इंधन जाळून शेजारच्या गावी जावं तर तोवर तिथला बाजार उठलेला.

मग मोबाइल आला. कंपन्यांनी टॉवर उभारले शहरांसाठी, पण शहरं किनाऱ्यालगत असल्याने रेंज समुद्रात २०-२५ किलोमीटर आतपर्यंत मिळू लागली. कोझिकोडला सेवा सुरू झाली जानेवारी १९९७ च्या अखेरीस, कण्णूरला जुलै १९९८ मध्ये आणि कासरगोडला मे २००० मध्ये. संशोधकाला याहून अधिक काय हवं? किनारा सारखा, मासळी सारखी, फक्त फोन पोचल्याच्या तारखा तीन. फोन नसलेला जिल्हा फोनवाल्या जिल्ह्याशेजारी ठेवून पाहण्याची सोय परिस्थितीनेच करून दिली होती.

निकाल स्वच्छ होता. मच्छीमार समुद्रातूनच चार ठिकाणी फोन लावून भाव विचारू लागले आणि चांगल्या भावाच्या किनाऱ्याकडे होडी वळवू लागले. त्याआधी सगळे आपापल्या गावीच विकायचे. आता साधारण ३५ टक्के लोक बाहेर विकू लागले. आधी ५ ते ८ टक्के मासळी वाया जायची, ती नासाडी जवळपास थांबली. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकासाठी भाव ४ टक्क्यांनी उतरला. विकणाराही खूश, घेणाराही खूश, अशी गोष्ट अर्थशास्त्रात क्वचितच सापडते.

२००७ मध्ये हा शोधनिबंध ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये आला आणि जगभर गाजला. धोरणं आखणाऱ्यांनी त्यातून एक वाक्य उचललं: भाव कळला की गरिबाचं भलं होतं. जेन्सनने मोजलं होतं ते तीन जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर. हे वाक्य मात्र ना किनारा ओळखत होतं, ना मासळी.

त्याच वर्षी रॉयटर्सने महाराष्ट्रात शेतकऱ्यांना बाजारभाव आणि हवामान एसएमएसवर पाठवण्याची सेवा सुरू केली. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी तिची परीक्षा घेतली. राज्यातली १०० गावं निवडली, त्यांतल्या काहींना वर्षभर सेवा फुकट दिली, बाकीच्यांना दिली नाही. २०१२ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांना सरासरीने जास्त भाव मिळाल्याचं काही दिसलं नाही. शेतकरी वाचकांना याचं फारसं नवल वाटणार नाही. लांबच्या बाजार समितीत आज कांद्याला काय भाव फुटला हे फोनवर कळलं, तरी टेम्पोचं भाडं कोण देणार? आणि ज्या अडत्याकडून उचल घेतलीय त्याला डावलून माल दुसरीकडे कसा न्यायचा? हा माझा तर्क आहे, पण गावात राहिलेला कुणीही तो करील.

असाच तर्क घेऊन दोघी जणी केरळात गेल्या होत्या. दोघींचं नातं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलातल्या ‘स्कूल ऑफ इन्फर्मेशन’ या विभागाशी. मुळात तो ग्रंथालयशास्त्राचा. पुढे तिथे संगणकवाले, समाजशास्त्रज्ञ, कायदेतज्ज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ एका छपराखाली आले. जेना बरेल या तेव्हा तिथल्या समाजशास्त्रज्ञ होत्या आणि जानकी श्रीनिवासन यांनी तिथेच संशोधन केलं होतं. दोघींनी जेन्सनचेच मच्छीमार पुन्हा गाठले, पण किनाऱ्यावर राहून, बोलून, पाहून. त्यांचा पहिला निबंध २०१३ चा.

भावाची चौकशी हा फोनच्या अनेक उपयोगांपैकी एक, असं त्यांना आढळलं. बाजार निवडायची मुभा कुणाला आहे हे होडी कुठली, जाळं कुठलं, मासळी कुठे उतरवता येते आणि दलालाशी नातं कसलं यावर ठरतं. जिथे या गोष्टी जुळून आल्या होत्या, तिथे फोनने जेन्सन म्हणतो ते काम केलं. जिथे नव्हत्या, तिथे फोन खिशात असूनही होडी ठरल्या जागीच लागे.

किनाऱ्यावरचा दलाल जाळ्यासाठी, इंजिनासाठी पैसे देतो आणि मासळीचा लिलाव आपल्याच हातात ठेवतो, ही व्यवस्था केरळाला जुनी आहे. तिच्याशी झुंज मोबाइलच्या कितीतरी आधी सुरू झाली. मच्छीमारांच्या गावोगावच्या सोसायट्यांनी १९८० मध्ये साउथ इंडियन फेडरेशन ऑफ फिशरमेन सोसायटीज हा महासंघ उभारला. लिलाव सोसायटीने करायचा आणि कर्जही सोसायटीनेच द्यायचं, म्हणजे पहिल्या विक्रीचा हक्क मच्छीमाराकडे राहतो. हातात फोन नसलेल्या माणसांनी काढलेली ही तोड, आणि माहिती तंत्रज्ञानाच्या परिषदांत तिचं नाव क्वचितच निघतं!

यातून कुणी जेन्सनला खोटं ठरवू नये. त्याची आकडेमोड पक्की आहे, आणि ११ जणांनी फेकलेली मासळी त्यानेच नोंदवली म्हणून आपल्याला कळली. पण ८ टक्के नफा का वाढला आणि पुढच्या किनाऱ्यावर तो वाढेल का, हे त्या आकडेमोडीतून निघत नाही. त्यासाठी किनाऱ्यावर जाऊन बसणारं कुणीतरी लागतं, आणि विद्यापीठांनी अशा माणसाला अर्थशास्त्रज्ञाच्या शेजारची खोली द्यावी, असं माझं मत आहे.

पुढच्या लेखांकात वारणेच्या खोऱ्यात जाऊ. तिथे १९९८ मध्ये गावोगावी कॉम्प्युटर पोचले होते, आणि काही वर्षांनी सात गावांत त्यांच्या जागी साधा एसएमएस वापरून पाहिला गेला. त्या भागातल्या ऊस उत्पादकांपैकी कुणाला हा प्रयोग आठवत असेल, तर जरूर लिहा.