ग्लुटेन चालत नाही? फ्रीजरमधला नाश्ता असा निवडा

सीलिअ‍ॅकचं निदान झालं की गहू, रवा, मैदा, जव सगळंच बंद. मग सकाळच्या घाईत काय खायचं? आमच्या घरी फ्रोझन इडली हा सगळ्यात भरवशाचा पर्याय ठरलाय. तांदूळ-उडदाची इडली गोठवली तरी फारशी बिघडत नाही. ती वितळू न देता थेट इडलीपात्रात वाफवा, पुन्हा मऊ होते. मायक्रोवेव्हमध्ये टाकणार असाल तर वर ओलं फडकं हवंच, नाहीतर कडा चिवट होतात. रवा इडली मात्र अजिबात नको, रवा गव्हाचाच.

खरी मेख हिंगात आहे! डबीतल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे मेदूवड्याच्या पाकिटावरचे घटक शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. थालीपिठाचंही तेच, भाजणीत अनेकदा गहू असतो. ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर भारतातल्या नियमानुसार ग्लुटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, म्हणून मी तेच पाकीट घेते.

साबुदाणा वडाही छान, फक्त वरचा बर्फ झटकून तळा. आणि कृपया, समोसे तळलेलं तेल त्यासाठी वापरू नका.